डोळ्यातली साधी गाठ आणि आमची अर्धी वंशावळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात महिन्यातून दोन-तीनदा तरी कुठल्या ना कुठल्या गावच्या मोफत नेत्रतपासणी शिबिराची बातमी असते. मी ती वाचल्याशिवाय सोडत नाही, कारण नोकरीत असताना अशी शिबिरं शाळेत मीच भरवली आहेत. मोतीबिंदूचे म्हातारे सापडतात, पोरांना चष्मे मिळतात. काम मोलाचं आहे. पण भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून जो कधीच सापडणार नाही, अशा डोळ्याच्या पडद्यावर दिसणाऱ्या आणि घराण्यात चालत येणाऱ्या एका रोगाविषयी मला लिहायचं आहे. पत्र लांबलं तरी कृपया शेवटचा भाग कापू नये. माझं स्वतःचं काम त्या भागात आहे.

मी तासगाव तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. माहेर कवठेमहांकाळ तालुक्यातलं. १९८८ ते २०२२ अशी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकवलं. घरची तीन एकर द्राक्षबाग आहे.

२०१६ च्या एप्रिलमध्ये खरड छाटणीला थोरला मुलगा पुण्याहून सुट्टी काढून आला होता. तेव्हा तो चोवीस वर्षांचा. मांडवाखाली उभा राहून उजव्या डोळ्यावर हात धरून म्हणाला, "आई, ही तार वाकडी झालीय का?" तार सरळ होती. डाव्या डोळ्यानं बघितलं की त्याला ती मध्येच लचकल्यासारखी दिसायची. चौदाव्या वर्षापासून त्याला चष्मा होता. तीनदा नंबर बदलून आणला, तिन्ही वेळा दुकानात यंत्रावर हनुवटी ठेवून पाच मिनिटांत काम झालेलं. डोळ्यात थेंब टाकून, बाहुली मोठी करून आतला पडदा कुणी बघितला नव्हता. आम्हीही कधी मागितलं नव्हतं. थेंब टाकले की चार-पाच तास अंधूक दिसतं, गाडी चालवत परत येता येत नाही, म्हणून लोक नकोच म्हणतात. आम्हीही त्यातलेच.

सांगलीत पडद्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थेंब टाकले, अर्ध्या तासानं डोक्याला दिवा बांधून बराच वेळ बघितलं. मग फोटो काढून आम्हाला समोर दाखवला. पडद्याच्या कडेला नारिंगी-लाल गोळी. तिच्याकडे जाणारी एक रक्तवाहिनी आणि तिच्यापासून परत येणारी एक, दोन्ही फुगलेल्या, वळणावळणाच्या. त्या गोळीतून पाणी झिरपून पडद्याच्या मध्यापर्यंत पिवळट साका जमला होता. तार वाकडी दिसत होती ती त्यामुळे. डॉक्टर म्हणाले, "ही रक्तवाहिन्यांची गाठ आहे. साधी आहे, कॅन्सरची नाही." आमच्या ह्यांनी तिथंच हात जोडले. मग डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "घरात कुणाला मेंदूची, किडनीची गाठ होती का? तरुणपणी कुणाचा डोळा गेला होता का?"

मी म्हणाले, "नाही."

आता खरं सांगते. माझ्या वडिलांचा, आबांचा, डावा डोळा तिशीतच गेला होता. गावात कुणी म्हणायचं फूल पडलं, कुणी म्हणायचं देवीचं काही राहिलंय. आजीनं दोन वर्षं मंगळवार धरले. पुढं त्यांना लघवीतून रक्त जायला लागलं. गावातल्या डॉक्टरांनी मुतखडा म्हणून औषध दिलं. १९८४ साली किडनीच्या गाठीनं ते गेले, तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे होते. दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं, तेव्हा आईनं मला बसवून बजावलं, "आबा कशानं गेले म्हणून इचारलं तर काविळीनं म्हणायचं. पोरीच्या जातीला घराण्याचा रोग चिकटला की सोयरीक हुत नाही." मी ते पाळलं. १९९८ साली माझा थोरला भाऊ अडतिसाव्या वर्षी मेंदूतल्या गाठीनं गेला. आधी वर्षभर त्याचा चालताना तोल जायचा, पहाटे डोकं दुखून उलट्या व्हायच्या. त्याला दारूवर घेतलं लोकांनी. त्यानं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. सासरी मी सांगितलं की अपघाताचा मार होता.

म्हणजे डॉक्टर विचारत होते ते सगळंच्या सगळं मला माहीत होतं. नवरा शेजारी बसला होता, म्हणून मी नाही म्हणाले.

त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती. साडेबाराला मोटार चालू करायला हे उठले, मी पाठोपाठ विहिरीवर गेले आणि तिथं सगळं सांगितलं. हे बराच वेळ काहीच बोलले नाहीत. पाणी पाइपात आलं तेव्हा एवढंच म्हणाले, "सकाळच्या पहिल्या एसटीनं जाऊ."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रागावण्याऐवजी एक कोरा कागद घेतला. बाईमाणसाला गोल, पुरुषाला चौकोन, आजारी असेल तर आतून काळा. आबांचा चौकोन काळा, दादाचा काळा, माझ्या मुलाचा काळा. मधला माझा गोल त्यांनी तसाच ठेवला आणि त्यावर प्रश्नचिन्ह काढलं. "हा रोग पिढी सोडून उडी मारत नाही," ते म्हणाले. "वडिलांना होता, मुलाला आहे, म्हणजे तुमच्यातूनच गेलाय. तुमचीही तपासणी करायला पाहिजे." तेव्हा मी बावन्न वर्षांची होते आणि मला काहीही त्रास नव्हता.

या रोगाचं नाव व्हॉन हिप्पेल-लिंडाऊ. हिप्पेल हे जर्मनीतले डोळ्याचे डॉक्टर, त्यांनी १९०४ साली पडद्यावरच्या या गाठींचं वर्णन केलं. लिंडाऊ हे स्वीडनचे, मृतदेहांची तपासणी करणारे. त्यांनी १९२६ साली दाखवून दिलं की डोळ्यातली ही गाठ आणि लहान मेंदूतली तसलीच गाठ ही एकाच रोगाची दोन टोकं आहेत. मधली बावीस वर्षं डोळेवाले डोळा बघत होते आणि मेंदूवाले मेंदू. हे वाचलं तेव्हा मला आमचंच घर आठवलं. आबांच्या डोळ्याचे कागद एका दवाखान्यात, किडनीचे दुसऱ्या, दादाचे मिरजेच्या तिसऱ्या. हे कागद एका टेबलावर कधी आलेच नाहीत, आणि ते येऊ नयेत याची काळजी घरानंच घेतली.

डॉक्टरांनी आणि पुढं मी स्वतः वाचून जे समजून घेतलं, ते माझ्या शब्दांत सांगते. आपल्या प्रत्येक पेशीत तिसऱ्या गुणसूत्रावर एक जनुक असतं. ते १९९३ साली सापडलं. त्याचं काम म्हणजे पाटकऱ्याचं काम. रान भिजलं की पाटकरी दार लावतो. तसं पेशीला ऑक्सिजन पुरेसा मिळाला की हे जनुक "आता नव्या रक्तवाहिन्या नकोत" असं सांगणारी यंत्रणा चालवतं. जनुक बिघडलं की दार उघडंच राहतं. रान चिखल झालं तरी पाणी चालूच. पेशीला वाटत राहतं की ऑक्सिजन कमी आहे, आणि ती रक्तवाहिन्या मागत राहते. त्यातून डोळ्याच्या पडद्यावर, लहान मेंदूत, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत रक्तवाहिन्यांच्या गाठी होतात. किडनीत आणि स्वादुपिंडात पाण्याच्या पुटकुळ्या होतात, गाठीही होतात. पेशीला ऑक्सिजन कसा उमगतो, या शोधाला २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. तिघांपैकी एक, अमेरिकेचे विल्यम केलिन, यांनी सुरुवातच या रोगाच्या अभ्यासापासून केली होती. ती बातमी मी परिपाठात वाचून दाखवली. चौथीच्या मुलांना त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण माझा आवाज मात्र भरून आला.

डोळ्यातली गाठ साधी, मेंदूतलीही कॅन्सरची नव्हे. पण किडनीतली मात्र कॅन्सरची असू शकते. "साधी" हा शब्द ऐकून आम्ही उठून घरी आलो असतो, तर काय झालं असतं याचा विचार माझ्या मनातून जात नाही. डोळ्यातली गाठ बहुधा सगळ्यांत आधी दिसते, पुष्कळांना पंचविशीच्या आसपास. शरीराच्या आतल्या रक्तवाहिन्या काहीही न कापता थेट बघता येतात, अशी जागा म्हणजे डोळ्याचा पडदा. म्हणून तिथं जे दिसतं त्यावरून बाकीचं शरीर तपासायचं असतं.

पडद्यावर अशी एकच गाठ असली म्हणजे हा रोग आहेच, असं मात्र नाही. काहींना ती एकटीदुकटी होते आणि पुढं काहीच निघत नाही. वय कमी, गाठी एकापेक्षा जास्त किंवा दोन्ही डोळ्यांत, घरात इतिहास असेल, तर संशय बळावतो. रक्ताच्या तपासणीत जनुकाचा बिघाड सापडला की उत्तर मिळतं.

आमचं रक्त तपासलं. माझ्यात बिघाड निघाला, मुलात निघाला. धाकट्या मुलीत नाही. अशा आई किंवा बापाच्या प्रत्येक मुलाला हा बिघाड मिळण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी. नाणं दर वेळी नव्यानं उडतं. मुलीचा कागद हातात आला तेव्हा तिला मोकळं वाटण्याऐवजी भावासमोर अपराध्यासारखं झालं. तिला समजावायला मला दोन महिने लागले. पण तिला आता दरवर्षीच्या तपासण्या नकोत, तिच्या पोरांनाही नकोत. हेही कमी नाही.

मुलाच्या उजव्या डोळ्यात दोन बारीक ठिपके सापडले होते. ते लेझरनं जाळले. बसल्या जागी काम झालं, नजर शाबूत. डाव्या डोळ्यातली गाठ मोठी झालेली. ती गोठवून बसवली, पुढं एक ऑपरेशनही झालं, पण मध्यभागाची नजर गेली ती गेलीच. त्या डोळ्यानं त्याला आता माझा चेहरा दिसत नाही, कडेचा पदर दिसतो. चौदाव्या वर्षी थेंब टाकून बघितलं असतं तर तीही गाठ ठिपक्याएवढीच असण्याची शक्यता होती. मी शिक्षिका असून मला हे सुचलं नाही, याचं दुःख मी उघड बोलते आहे, ते दुसऱ्या कुणा आईला सुचावं म्हणून.

माझ्या स्वतःच्या पोटाच्या तपासणीत उजव्या किडनीत पावणेदोन सेंटिमीटरची गाठ निघाली. मी घाबरून म्हणाले, काढून टाका. पण या रोगात तसं करत नाहीत. गाठी पुन्हा पुन्हा होतात. प्रत्येक वेळी कापत बसलं तर किडनीच उरणार नाही. म्हणून साधारण तीन सेंटिमीटरपर्यंत लक्ष ठेवतात आणि मग फक्त गाठ काढून बाकीची किडनी वाचवतात. माझी गाठ २०२१ साली त्या मापाला आली, तेव्हा काढली. त्याआधी ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीला जाणारे रस्ते बंद झाले आणि माझी तपासणी दोन महिने पुढं गेली. त्या दिवसांत आयर्विन पुलाजवळच्या पाण्याच्या पातळीबरोबर मी मनात ती गाठही मोजत होते. आबांना हे मोजायला कुणी नव्हतं. ते शेहेचाळिसाव्या वर्षी गेले, मी आता साठीच्या पुढं आहे. फरक एवढाच, की माझी गाठ वेळेत कळली.

आणखी एक तपासणी लोक हलक्यात घेतात, म्हणून सांगते. किडनीच्या वर टोपीसारख्या ग्रंथी असतात. या रोगात काही घराण्यांत तिथंही गाठ होते आणि रक्तदाब अचानक भडकतो. ती आहे हे माहीत नसताना दुसऱ्याच कशासाठी भूल दिली, तर ऑपरेशनच्या टेबलावरच जिवावर बेतू शकतं. म्हणून अशा घरातल्या माणसानं कुठल्याही ऑपरेशनआधी, बाळंतपणाआधीही, डॉक्टरांना रोगाचं नाव सांगायचंच. लपवून चालत नाही.

घरात हे सांगायला निघाले तेव्हा पहिला दरवाजा वहिनीचा. दादाच्या मागं तिनं दोन पोरं एकटीनं वाढवली. भाची सव्वीस वर्षांची, स्थळं चालू होती. वहिनी म्हणाली, "आक्का, माझी पोर उजवूस्तवर तोंड उघडू नकोस. कशाला उकरून काढतीस?" मी तिच्यावर रागावू शकले नाही. तीस वर्षांपूर्वी माझी आई हेच बोलली होती. चार महिन्यांनी भाची स्वतःच माझ्याकडे आली. तिनं चोरून वाचलं होतं. तिच्यात बिघाड निघाला, डाव्या डोळ्यात दोन ठिपके निघाले, वेळेत लेझर झालं. एक ठरत आलेलं स्थळ सांगितल्यावर मोडलं. दुसऱ्या घरानं मुलासकट डॉक्टरांकडे येऊन तासभर सगळं समजून घेतलं आणि २०१९ साली लग्न झालं. भाचीच्या परवानगीनं मी हे लिहिते आहे.

आता हेळव्याविषयी. आमच्या भागातल्या लोकांना सांगायला नको. सुगी झाली की हेळवी यायचा, बैलावर बसून, आणि पोथीतून कुळाची नावं वाचायचा. आमच्या घराच्या आठ-नऊ पिढ्या त्याच्याकडे आहेत. लहानपणी मला त्याचं फार कौतुक. डॉक्टरांनी गोल-चौकोन काढले त्या दिवशी मला एकदम लक्षात आलं की हेळव्याच्या पोथीत गोल जवळजवळ नाहीतच. मुलाचा मुलगा, त्याचा मुलगा. आत्या, बहीण, लेक लग्न होऊन गेली की पानावरून गेली. आणि हा रोग तर लेकीच्या पोटीही तेवढाच जातो. आमची आत्या अथणी तालुक्यात दिलेली. म्हातारपणी दोन्ही डोळ्यांनी आंधळी होती. वयानं असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. तिच्या लेकींची घरं आमच्या वंशावळीत नव्हतीच, मग तिथं कळवणार कोण?

२०१७ च्या मे महिन्यात मी आणि हे अथणीला गेलो. आत्येभावानं चहा पाजला आणि विषय काढू दिला नाही. आत्याच्या धाकट्या लेकीनं मात्र सगळं ऐकलं. ती कानडी बोलणारी, मी मराठी. डॉक्टरांनी काढलेला तो कागदच उपयोगी पडला. तिच्या अकरा वर्षांच्या नातीच्या उजव्या डोळ्याच्या अगदी कडेला मोहरीएवढाही नाही असा एक ठिपका मिळाला. लेझरच्या दोन बैठका झाल्या. ती पोरगी आता कॉलेजात आहे आणि दोन्ही डोळ्यांनी अक्षरन् अक्षर वाचते. आत्येभाऊ अजून बोलत नाही.

डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांच्या सगळ्याच गाठी वारशानं येत नाहीत, आणि हा फरक कळणं फार गरजेचं आहे. साधारण २००० साली पहिलीच्या वर्गात माझ्याकडे एक मुलगी होती. कपाळापासून उजव्या पापणीपर्यंत तिला द्राक्षाच्या रसासारखा गडद लाल डाग. आजी म्हणायची, सुनेनं ग्रहणात काहीतरी चिरलं. त्या बिचाऱ्या आईला मी शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहिलेली बघितली आहे. लोकांना तोंड दाखवायला नको म्हणून ती आत यायची नाही. मुलीचा उजवा डोळा डाव्यापेक्षा मोठा दिसायचा आणि ती उजेडाकडे पाठ करून बसायची. मला वाटलं, लाजते आहे. मी तिला मुद्दाम खिडकीपाशी बसवलं. चौथीत जाईपर्यंत तो डोळा काचबिंदूनं गेला. काही वर्षांपूर्वी ती मला मिरजेत भेटली, तेव्हा तिचे कागद मी वाचले. त्यावर स्टर्ज-वेबर असं नाव होतं. स्टर्ज या इंग्रज डॉक्टरांनी १८७९ साली पहिल्यांदा वर्णन केलं तेही एका साडेसहा वर्षांच्या मुलीचं, चेहऱ्यावर डाग आणि फिट्स येणाऱ्या. म्हणजे पहिलीत बसणारंच वय. या मुलांमध्ये डोळ्याच्या पडद्यामागच्या थरात रक्तवाहिन्यांची पसरट गाठ असते, डोळ्याचा दाब वाढतो आणि मेंदूवरही तसंच जाळं असू शकतं. २०१३ साली त्याचं कारण सापडलं. गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीत एका जनुकात बदल होतो आणि त्या पेशीपासून झालेल्या भागापुरताच तो राहतो. तो आईकडून आलेला नसतो, बापाकडूनही नाही आणि पुढच्या पिढीतही जात नाही. ग्रहणाचा तर काहीच संबंध नाही. ज्या आयांना आजही हे ऐकून घ्यावं लागतं, त्यांना कुणीतरी हे वाचून दाखवावं. आणि बाळाच्या कपाळावर, वरच्या पापणीवर असा डाग असेल तर पहिल्या महिन्यातच डोळ्याचा दाब तपासून घ्यावा. मोठा डोळा म्हणून कौतुक करत बसू नये, आणि उजेड टाळणारं मूल लाजतंय असं समजू नये, जसं मी समजले.

आमच्या डॉक्टरांनी मला एकदा तिसराच एक फोटो दाखवला. पडद्यावर जांभळ्या मण्यांचा झुबका, हुबेहूब द्राक्षाचा घड. "तुम्ही तासगावच्या, तुम्हाला ओळखू येईल," म्हणाले. ही गाठ बहुधा वाढत नाही, त्रासही देत नाही. पण काही घराण्यांत मेंदूतही असेच घड असतात. त्यातून फिट्स येतात, रक्तस्राव होतो. म्हणून तिथंही घरच्यांची चौकशी करायची. उलट मध्यम वयात पडद्यामागं एकच गोल लाल गाठ निघते, तिचा बाकी शरीराशी संबंध नसतो. तेवढा डोळा सांभाळला की झालं. तेव्हा कुणी डोळ्यात लाल गाठ सांगितली की लगेच हाय खाऊ नये. ती या चारांपैकी कुठली, एवढं मात्र नक्की विचारावं.

आमचा रोग साधारण ३६ हजार जन्मांत एकाला होतो असं सांगतात. मी गणिताची बाई. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाखांवर होती. भागाकार केला तर पंचाहत्तर-ऐंशी माणसं येतात. हा नुसता कागदावरचा हिशेब आहे, पण आमच्याच नात्यात आता पाच जण माहीत आहेत. बाकीचे कुठं आहेत? कुणी मुतखड्याचं औषध घेत असेल, कुणाला दारुडा म्हणत असतील, कुणाचे मंगळवार चालू असतील.

शाळांतून २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं येतात. त्यांना मी जवळून पाहिलं आहे. एका दिवसात दोनशे पोरं तपासतात, त्यांना दोष देणार नाही. पण ज्या मुलाची नजर चष्मा लावूनही पूर्ण येत नाही, त्याला थेंब टाकून पडदा बघायला जिल्हा रुग्णालयात पाठवायचंच, असा नियम झाला पाहिजे. तपासणीच्या कार्डावर एक ओळ वाढवावी: आईकडच्या किंवा वडिलांकडच्या नात्यात चाळिशीच्या आत कुणाचा डोळा गेला का, मेंदूची किंवा किडनीची गाठ झाली का. आईकडच्या, हा शब्द आधी. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आठवड्यातून एक दिवस तरी अशा घरांसाठी असावा. तिथं डोळ्याचे, किडनीचे आणि मेंदूचे डॉक्टर एकाच कागदाभोवती बसावेत. जनुक तपासणीही तिथंच व्हावी. आम्हाला परवडलं, बागेचं एक वर्षाचं पीक गेलं. सगळ्यांकडे बाग नसते. २०२१ साली अमेरिकेत बेलझुटीफॅन नावाच्या गोळीला या रोगातल्या किडनीच्या, मेंदूच्या आणि स्वादुपिंडाच्या काही गाठींसाठी मान्यता मिळाली. दार लागत नसेल तर पाणी पुढं पाटात अडवावं, तसं ती काम करते. औषध उद्या इथंही सहज मिळेल, पण घरंच नोंदलेली नसतील तर ते देणार कुणाला?

आता माझं काम. आबांना एक धाकटा भाऊ होता, आमचा काका. १९७२ च्या दुष्काळात, खडी फोडून भागेना म्हणून, तो मुंबईला गिरणीत गेला. लालबागला खोलीत राहायचा. तिकडंच लग्न केलं, दोन मुली झाल्याचं पत्र आलं होतं. १९८२ च्या संपानंतर पत्रं थांबली. आबा गेल्यावर आईनं पाठवलेलं पोस्टकार्ड परत आलं. काकाच्या बाबतीत मला एकच गोष्ट पक्की आठवते. मला मांडीवर घेऊन तो सुईत दोरा ओवायचा तेव्हा डावा डोळा मिटून घ्यायचा आणि म्हणायचा, "ह्या डोळ्यानं दोरा दोन जागी दिसतोय बघ."

गेल्या सुगीला हेळवी आला, आता मोटारसायकलवर येतो. त्याच्या पोथीत काकाच्या नावापुढं रेघ ओढली आहे, कारण मुलगा नाही. मी त्याला त्या दोन मुली लिहायला लावल्या. नावं माहीत नव्हती, म्हणून त्यानं नुसतं "लेक, लेक" असं लिहिलं.

त्या मुली आता पन्नाशीच्या आत-बाहेर असतील, त्यांना मुलं असतील. काकाचं आणि आमच्या गावाचं पूर्ण नाव, माझा फोन नंबर सोबतच्या वेगळ्या कागदावर आपल्याकडे दिला आहे. वडील कवठेमहांकाळकडचे, १९७२ साली गिरणीत आलेले, डाव्या डोळ्यानं कमी बघणारे, हे कुणाला आपल्या आईच्या बोलण्यातून ऐकल्यासारखं वाटलं, तर आपल्या कार्यालयात कळवावं. वाटणीचा, जमिनीचा काही विषय नाही; जमीन मागायची असेल तर तीही देऊ. आधी डोळ्यात थेंब टाकून पडदा बघून घ्या, आणि डॉक्टरांना आमच्या रोगाचं नाव सांगा.

माझं नाव छापू नये. माझ्यासाठी नव्हे, कॉलेजात असलेल्या त्या मुलीसाठी. तिनं कुणाला कधी सांगायचं, ते तिचं तिनं ठरवायचं आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. तासगाव, जि. सांगली